तुळईची टोकं

तुळजापुरात माझी नात सात मजली लॉज बांधतेय, तेही लाकडाचं. लाकूड म्हणजे आपलं सागवान-बाभळीचं नव्हे. पातळ फळ्या गोंदानं एकीवर एक चिकटवायच्या, यंत्रात दाबायच्या, की झाली तुळई. माणसाच्या मिठीत मावणार नाही इतकी जाड. नकाशे तिनंच काढलेले. लिफ्टची भिंत तेवढी काँक्रीटची, आणि प्रत्येक मजल्याच्या तुळया त्या भिंतीत खोचलेल्या.

भाद्रपदात मी जळकोटहून देवीला गेले, तर ती मला काम दाखवायला घेऊन गेली. पाऊस आठ दिवस उघडला नव्हता. गेल्या वर्षी दोन मजले झाले होते, यंदा आणखी दोन चढले. तळमजल्यावर गवंड्यांची बिऱ्हाडं. मी मान वर केली. तुळया मधासारख्या पिवळ्या, नजर ठरत नव्हती. पण भिंतीत शिरतात तिथं चारी अंगांनी सिमेंट. गुळगुळीत. बोट घालायला फट नाही.

असलं गुळगुळीत काम मी एकदा स्वतःच्या हातानं केलंय.

लग्न होऊन आले तेव्हा मी नववी पास होते, म्हणजे माझ्या मते इंजिनिअरच. घर दोन खोल्यांचं, खाली कडुलिंबाच्या तुळया, वर पांढऱ्या मातीचं माळवद. सुतारानं तुळईचं टोक भिंतीत बसवताना भोवती बोटभर फट ठेवलेली. चिमण्या त्या फटीत काड्या भरायच्या आणि कचरा पडायचा नेमका माझ्या रुखवतातल्या भांड्यांवर. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. ते दर पावसाळ्यानंतर शिडी लावून एकेक फट काडीनं साफ करायचे. म्हणायचे, "लाकडाला बी नाक असतंय, सूनबाई." मी पदराआड हसायची. लाकडाला नाक म्हणे! आणि शेंबूड कोण पुसतंय?

एका वर्षी मामा अणदूरच्या खंडोबाला गेले. ओट्याच्या कामातलं अर्धं पोतं सिमेंट उरलं होतं. मी पदर खोचला, शिडीवर चढले आणि सगळ्या फटी लिंपून टाकल्या. वरून चुना. चिमण्या गेल्या. मी आरशात बघून स्वतःला शाबासकी दिली, खोटं कशाला सांगू.

मामांची नजर तोवर अधू झाली होती. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "फटी बघितल्यास का गं?"

"व्हय मामा, समद्या बघितल्या."

तिसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी सासूबाई भाकरी थापत होत्या. वरून चिमूटभर माती पिठात पडली. "चिमणी असंल," त्या म्हणाल्या. मी पण म्हटलं, चिमणीच. चिमण्या जाऊन दोन वर्षं झाली होती. पुन्हा माती पडली, जरा जास्त. मग आवाज न करता तुळईचं टोक भिंतीतून निसटलं.

सासूबाईंचा पाय गेला. पुढं मरेपर्यंत काठी. सुतारानं टोक उचलून दाखवलं, भिजलेल्या भाकरीसारखं कुस्करत होतं. बाकीची तुळई ठणठणीत. मामा म्हणाले, "लाकूडच खराब निघालं." मी शेजारी उभी राहून मान डोलावली.

"ह्या फटी कुणी बुजवल्या?" मी नातीला विचारलं.

"ठेकेदारानं. फिनिशिंग चांगलं दिसावं म्हणून. माझ्या नकाशात मोकळी जागा होती."

"मग फोड की."

"आज्जे, हे लाकूड वेगळं असतं. तुझ्या माळवदाचं नाही. तुला काय कळतंय ह्यातलं?"

"ह्यातलं काय बी न्हाय कळत. बुजवायचं तेवढं कळतंय."

आणि मी तिला सगळं सांगितलं. नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

ती हसली नाही, रागावलीही नाही. खाली बघत म्हणाली, "मला मागच्या महिन्यातच दिसलं होतं. मालकाला घटस्थापनेला खालचे दोन मजले उघडायचेत. म्हटलं, नवरात्र होऊ दे, मग बघू."

नात माझीच, ह्यात शंका नको.

तिनं गवंड्याला हाक मारली. आम्हाला जिन्यानं वर नेऊन पहिल्या मजल्यावरचं एक टोक फोडायला सांगितलं.

"मॅडम, मालक वरडतील."

"वरडू द्या."

सिमेंटचा पापुद्रा सुटला तसं आतून पाणी आलं. चहाच्या रंगाचं, बारीक धारेनं, बराच वेळ. नातीजवळ लाकडातली ओल मोजायचं यंत्र होतं, दोन सुयांचं. त्या सुया हातोडीनं ठोकाव्या लागतात, मघाशीच तिनं मला कौतुकानं दाखवलं होतं. इथं तिनं अंगठ्यानं दाबल्या आणि त्या बुडापर्यंत आत गेल्या.

तिनं मालकाला फोन लावला. "घटस्थापनेला काही उघडणार नाही. सगळी टोकं फोडायचीत." पलीकडून आवाज चढला. हिनं पुन्हा तेवढंच सांगितलं, शब्दही न बदलता.

गवंड्यानं त्या भोकात बोट घातलं, बाहेर काढलं, विजारीला पुसलं. मग कुणाला न विचारता खाली वाकून तळमजल्यावरच्या बायकोला म्हणाला, "पोराला घे आन् रस्त्यावर हो. भांडी ऱ्हाऊ दे."