फाइलमधला वरचा कागद

माझी भाची घाटंजीला राहते. आयटीआयमध्ये तिने इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला. जळालेली मोटार उघडून दोष नेमका कुठे आहे, हे ती वर्गात सगळ्यांच्या आधी सांगायची. नंतर तिने दोन महिन्यांच्या इंग्रजी संभाषण वर्गाचे प्रमाणपत्र मिळवले. परीक्षेचे प्रश्न आधीच सांगितले होते, हे तिनेच मला सांगितले होते. तरी प्रमाणपत्र वाटपाची बातमी मी माझ्या वर्तमानपत्रात दिली. ‘नोकरीचा मार्ग सुकर’ हे शब्द माझे होते.

यवतमाळच्या रोजगार मेळाव्याचे वार्तांकन माझ्याकडे होते. ती आणि तिची वर्गमैत्रीण माझ्यासोबतच निघाल्या. एसटीत तिने फाइल उघडली.

“मामा, हे इंग्रजीचं वरतं ठेवू का खाली?”

“वर ठेव,” मी म्हणालो.

मैत्रीण हसली. “माय वं, मॅडम झाली ना तू! आमाले ओळख देजो बरं.”

पुण्याच्या एका कंपनीचा माणूस फाइली पाहत होता. मैत्रिणीकडे इंग्रजीचे प्रमाणपत्र नव्हते. तिला त्याने डावीकडे पाठवले. तिथे बाकावर उघडी मोटार होती आणि फोरमन हिंदीत बोलत होता. भाचीच्या फाइलमधला वरचा कागद पाहून कंपनीच्या माणसाने तिला उजवीकडच्या टेबलावर पाठवले. तिथे ग्राहकांशी बोलण्याच्या जागेसाठी इंग्रजीत मुलाखत होती. तिने नाव सांगितले, गाव सांगितले. पुढच्या प्रश्नाला ती थांबली आणि मोटारीकडे पाहू लागली. तिकडे मैत्रीण तारेचे चुकीचे टोक तपासत होती. फोरमनने तिला दुसरे दाखवले.

मी मागे वही घेऊन उभा होतो. मधे पडलो नाही.

परतताना भाची एवढेच बोलली, “मले मोटार येत होती, मामा. त्यायनं विचारलीच नाही.”

निवडीची यादी मेळाव्यातच लागली होती, तरी घरी तिने निकाल नंतर कळेल असे सांगितले. दुसऱ्या दिवशी निवड झालेल्यांच्या नावांसह माझी बातमी छापून आली. मैत्रिणीचे नाव त्यात होते. सकाळीच बहिणीचा फोन आला.

“दादा, एवढ्यायची नावं टाकली, आपल्या पोरीचंच राह्यलं का? घरचीच विसरला!” ती हसत होती. “उद्या टाकशीन ना?”

नाव माझ्याकडून राहिले नव्हते, ते यादीतच नव्हते. तेवढ्यात फोनवर बहिणीच्या मागून भाचीचा आवाज आला, “आई, ठेव ना फोन.”