टेकचंदची जागा

टेकचंदनं आणि मी सोबत केलेली शेवटची गोष्ट म्हणजे दाढी. बर्फातल्या बेस कॅम्पवर, एकाच मगातलं गरम पाणी. तो चिचगडचा, मी सडक अर्जुनीकडचा. पलटणीत आमची बडी जोडी, म्हणजे एकानं दुसऱ्यावर नजर ठेवायची. वरच्या पोस्टवर एकच जागा रिकामी होती. दोघांनाही ती पाहिजे होती.

चढाच्या सरावात मी धापा टाकत थांबायचो. तो दात काढत पुढे.

"काऊन बे, छातीत धान भरलं का?"

मी शिवी द्यायचो. आतून जळायचो.

डॉक्टर कॅप्टन साहेबांनी समजावलं. रक्तात खराब हवा वाढली की मेंदू छातीला ऑर्डर देते. उंचावर चांगली हवा कमी, म्हणून ऑर्डर जास्त सुटल्या पाहिजेत. कोणाच्या लवकर सुटतात, कोणाच्या उशिरा. त्यात मर्दपणा काही नाही. झोपेत श्वास थांबला तरी घाबरू नका, खराब हवा जमली की आपोआप सुरू होतो.

माझं डोकं दुखत होतं, मला रोखलं. टेकचंद पोस्टवर गेला.

"तू डोकं दाबत बस," जाताना म्हणाला.

काही दिवसांनी दुपारी मी रेडिओ सेटजवळ उभा होतो.

"टेकचंद के सीने में पानी भर गया है. ओवर."

"नीचे लाओ. ओवर."

"मौसम बंद है. ओवर."

संध्याकाळी कळलं, टेकचंद गेला.

पोस्टवरच्या मराठी हवालदारानं मला नंतर सांगितलं. खोकला आधीच लागला होता, त्यानं दाबून ठेवला. म्हणे, "खाली सांगू नका उस्ताद. तो येईन माह्या जागेवर."

तो म्हणजे मी.

आता मी म्हातारा. मागच्या साली गोंदियाच्या दवाखान्यात माझी घरवाली गेली. तिचाही श्वास थांबे, सुरू होई. नर्सबाई म्हणाली, "बाबा, बाहेर बसा ना." नाही बसलो. एकदा थांबला तो थांबलाच. टेकचंदचा मला अजून हेवा वाटते. त्याला बायकोचा श्वास ऐकत बसावं लागलं नाही. माझी छाती मला न विचारता चालूच आहे.

टेकचंद गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मौसम खुलला. माझी डोकेदुखी उतरली होती. कंपनी कमांडर साहेबांनी त्याची जागा मला दिली. मी अर्ध्या चढावर पोचलो, तेव्हा त्याला बर्फावर ओढायच्या स्लेजवरून खाली आणत होते. वाट एकाच माणसापुरती. मी बाजूच्या बर्फात उतरलो, सॅल्यूट केला. स्लेज गेली. मग वर चढलो.