दहा मीटरचा फुगवटा

मी पोचले तेव्हा रशीदभाईंच्या वर्कशॉपची बाजूची भिंत पडलेली होती.

"जेसीबी बंद करा!" मी गाडीतून उतरता उतरताच ओरडले.

ऑपरेटरने मान बाहेर काढली. "म्याडम, मार्किंग तुमच्याच लोकांचं हाय."

खरं होतं ते. मी सर्व्हेअर आहे. भोर-वेल्हे भागातल्या एका नव्या रस्त्याची आखणी आमच्या कंपनीकडे होती. नकाशा मी केला होता, आणि तो बरोबर होता. पण जागेवर मार्किंग करायला ऑफिसने मला न विचारता दुसरी टीम पाठवली होती.

रशीदभाई गेट आणि ग्रिल बनवतात. वर्कशॉपच्या आत, वेल्डिंग मशीनशेजारी जमिनीत एक खुंटी ठोकलेली होती. तिच्यावरून रस्ता जाणार, असं त्यांना सांगितलं होतं.

"तीनदा तुमच्या हापिसात आलो, म्याडम," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. "म्या कमानी वाकवतो. पट्टी वाकवली की कोपऱ्यात जातच न्हाई. येवढंच सांगत होतो. सायेब हसले."

मी खुंटी पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. रस्त्याचे दोन सरळ भाग कागदावर पुढे वाढवले की ते एका कोपऱ्यात मिळतात. हा कोपरा फक्त हिशेबासाठी असतो. प्रत्यक्ष रस्ता त्याच्या बराच आधी वळायला लागतो आणि वर्तुळाच्या कंसावरून जातो. आमच्या लोकांनी कंस सोडला आणि कोपराच जमिनीवर ठोकला.

मी साहेबांना फोन लावला.

"सर, वळण काढलेलंच नाही. सरळ रेषा जोडल्यात."

"किती फरक पडतो?"

"साडेबारा मीटर."

"हे बघा, आता काम थांबवलं तर वर उत्तर कोण देणार?"

"आणि चुकून कुणाचं वर्कशॉप पाडलं, तर त्याचं कोण देणार?"

त्यांनी फोन ठेवला. मी जेसीबीच्या बकेटसमोर जाऊन उभी राहिले. ऑपरेटरने इंजिन बंद केलं. कुणाचा तरी हुकूम मिळाल्यावर त्यालाही बरं वाटलं असावं.

माझ्याबरोबर माणूस नव्हता. टेपचं दुसरं टोक धरायला रशीदभाईंच्या पत्नी, जुलेखाभाभी आल्या. वळण सुरू होतं ती खुंटी आणि संपतं ती खुंटी, यांच्यामध्ये दोरी ताणली. ही वर्तुळाची जीवा, साठ मीटर. नकाशात त्रिज्या पन्नास. अर्धी जीवा तीस. पन्नासच्या वर्गातून तीसचा वर्ग वजा केला की सोळाशे उरतात, त्याचं वर्गमूळ चाळीस. म्हणजे वर्तुळाचं केंद्र जीवेपासून चाळीस मीटरवर. पन्नासातून चाळीस गेले, दहा उरले. जीवेच्या मध्यापासून कंसाचा फुगवटा दहा मीटर.

दहा मीटरवर मी चुन्याने खूण केली. रस्त्याची अर्धी रुंदी सहा. सोळा मीटरवर दुसरी खूण.

"आता रस्त्याकडच्या भिंतीपर्यंत धरा, भाभी."

एकोणीस मीटर. वर्कशॉप रस्त्याच्या तीन मीटर बाहेर होतं. खुंटी साडेबावीसवर, वर्कशॉपात घुसलेली.

भाभींनी टेप सोडली नाही. "मंजी आमचं कधीच जात नव्हतं?"

"नाही."

"मग ती भिंत का पाडली?"

त्यांनी टेप खाली ठेवली. मग विटांच्या ढिगाकडे गेल्या आणि शाबूत विटा वेगळ्या काढू लागल्या.

भूसंपादनाच्या नोटिशीत जीवा आणि रस्त्याची मध्यरेषा यांच्यामधली जागा ६७५ चौरस मीटर लिहिली होती. कुणीतरी त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढून मोकळं झालं होतं. खरा वर्तुळखंड ४०९ चौरस मीटरचा. दोन्हींमधल्या फरकाची, अडीच गुंठ्यांपेक्षा जास्त जमीन एका आळसाने गिळली होती. मी दोन्ही आकडे तिथंच बॉनेटवर कागद ठेवून लिहिले, फोटो काढले आणि ऑफिसपासून तहसीलपर्यंत सगळ्यांना पाठवले. जेसीबी दुपारी परत गेला.

ऑफिसने पत्र काढलं. त्यात 'किरकोळ तांत्रिक दुरुस्ती' एवढंच होतं. माफीचा शब्द नव्हता. त्या पत्रावर सही करायला मी नकार दिला, आणि पुढची दोन कामं माझ्याकडून काढून घेतली गेली. भिंत रशीदभाईंनी स्वतःच बांधली.

वळण जमिनीवर तपासायला एक टेप, दोन माणसं आणि दहा मिनिटं पुरतात. ऑफिसात बसून तेवढा वेळ वाचवता येतो. तो वाचवल्याचं नुकसान मात्र ऑफिसात बसणाऱ्याचं कधीच होत नाही.