रेझीआजीच्या पुढे दोन हिवाळे

गाबीचा फोन आला तेव्हा मी एर्लांगेनहून सुटलेल्या रीजनल ट्रेनमध्ये उभी होते, एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात मीटिंगांच्या नादात न खाल्लेला डबा. गाबी म्हणजे रेझीआजीची मुलगी. इतकी शिस्तीची बाई, की फोन करण्याआधी मेसेज टाकून विचारते, आता बोललं तर चालेल का. त्या दिवशी विचारलं नाही, म्हणून नाव बघताच मला कळलं. "आई गेली," ती म्हणाली. "जेवून खुर्चीत बसली होती. आपल्या घरात." 'आपल्या घरात' हे तिने दोनदा म्हटलं... मी पुढच्या स्टेशनवर उतरले आणि फलाटावरच्या बाकावर बसून डब्यातली पोळीभाजी खाऊन टाकली. बघणारे म्हणाले असतील, काय बाई आहे, रडतेय आणि जेवतेय. पण रेझीआजीला अन्न परत आणलेलं खपायचं नाही, आणि त्या क्षणी तिच्यासाठी करण्यासारखं मला दुसरं काही सुचलं नाही. याला आता सहा आठवडे झाले.

तेरेझिया ओबरम्युलर, म्हणजे माझी रेझीआजी, हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. मीही ऐकलं नव्हतं. हे दशक नुकतंच सुरू झालं होतं, मी पीएचडीसाठी नागपूरहून जर्मनीत, म्युनिकजवळच्या गार्चिंगला आले होते, आणि कॅम्पसच्या नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी दिसली : वरच्या मजल्यावर खोली, वाचून दाखवता येणाऱ्या व्यक्तीला प्राधान्य. मी गेले. दार उघडलं ते एका लहान चणीच्या, ताठ पाठीच्या म्हातारीने. तिने माझ्याकडे न बघता माझ्या कानाकडे बघितलं. मला वाटलं, तिरळी असेल. नंतर कळलं, तिच्या नजरेचा मधला भाग जात चालला होता. जिकडे रोखून बघावं तिथेच भोक, कडेचं तेवढं दिसायचं. चेहरा बघायचा तर तिला कानाकडे बघावं लागे. तिने माझा कान नीट पाहून घेतला आणि म्हणाली, "गेनाऊ, बरोबर. चालेल."

तिच्या स्वयंपाकघरात एक मोठा चांदीचा चषक होता आणि त्यात कांदे ठेवलेले असायचे. महिनाभर मी त्यातून कांदे काढून चिरत होते. एकदा रिकामा झाला म्हणून घासायला घेतला, तर त्यावर तिचं लग्नाआधीचं नाव, आणि खाली कोरलेलं : स्लॅलम, राष्ट्रीय विजेती. मी चाटच पडले. बर्फात रोवलेल्या काठ्यांच्या दारांमधून नागमोडी, जिवाच्या आकांताने खाली उतरायचं, एक दार चुकलं की बाद, तो हा खेळ. ही बाई तरुणपणी त्यात देशात पहिली आली होती, तेही लागोपाठ तीन वर्षं. लाकडी स्की, नाडीचे चामडी बूट, आणि शर्यतीला जायला दुधाच्या गाडीतली जागा. सव्विसाव्या वर्षी गुडघा असा मोडला की शर्यती संपल्या. मग शाळेत खेळाची शिक्षिका झाली, गार्चिंगच्या संशोधन संस्थेतल्या एका वर्कशॉपवाल्याशी लग्न केलं आणि डोंगर सोडून या सपाट गावात येऊन राहिली. याची तिला खंत होती का, असं मी एकदा विचारलं. "आल्झो, हे बघ," ती म्हणाली, "नवरा चांगला होता. डोंगर काय, ट्रेनने दोन तासांवर होता." एवढंच. पडल्याच्या गोष्टी मात्र चवीने सांगायची. कुठल्या उतारावर, कितव्या दाराशी, कोणत्या पायाच्या चुकीने. जिंकल्याच्या विचारल्या तर म्हणायची, त्या पेपरात आल्यात, तिथे वाच.

पहिल्या हिवाळ्यात तिने मला सांगितलं, तुला स्की शिकवते. मी नागपूरची. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीच्या गाडीवरचा. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाली, "शिक. मला काम आहे तुझ्याशी." काम असं होतं : डोळे पूर्ण जायच्या आत तिला एकदा, फक्त एकदा, तिच्या गावातल्या चर्चमागच्या उतारावरून खाली यायचं होतं. तिथेच ती चौथ्या वर्षी पहिल्यांदा स्कीवर उभी राहिली होती. न दिसणारे लोक स्की करतात, पण त्यांच्या पुढे एक दिसणारा माणूस लागतो, सतत ओरडत राहणारा. डावीकडे, उजवीकडे, थांब. "उतार मला पाठ आहे," ती म्हणाली. "उतारावरची माणसं पाठ नाहीत."

गाबीचा याला साफ विरोध होता, आणि तिचं काही चुकत नव्हतं. ती नर्स. हाड मोडलेली म्हातारी माणसं तिने रोज पाहिलेली. "पडलीस तर घर संपलं, आई. सरळ प्फ्लेगेहाइम." प्फ्लेगेहाइम म्हणजे जिथे म्हाताऱ्यांची देखभाल होते ते घर. रेझीआजी मरणाला नव्हती घाबरत तेवढी या शब्दाला घाबरायची. म्हणजे तिला हवं होतं ते आणि ती ज्याला भीत होती ते, दोन्ही त्या एकाच उतारावर होतं... आणि मधे मी, जिला साधं उभं राहता येत नव्हतं.

मुलांच्या उतारावर मी शिकले. माझ्या कमरेएवढी पोरं सटासट बाजूने निघून जायची. रेझीआजी खाली काठी टेकून उभी, तोंड भलतीकडे. माझ्या स्कीचा आवाज ऐकून तिला कळायचं की मी कुठे चुकले. "वजन बाहेरच्या पायावर." "मागे रेलू नकोस, सोफा नाहीये तो." स्काइपवर आईला निळं पडलेलं ढोपर दाखवलं तर ती म्हणाली, "हे काय करून राहिली तू? शिकायला पाठवलं होतं का घसरगुंडी खेळायला? आणि त्या बाईंचं वय काय, त्यांना तरी समजायला पाहिजे ना." रेझीआजी मागे बसून ऐकत होती. शब्द कळले नाहीत, सूर बरोबर कळला. तेव्हापासून माझ्या आईचा फोन आला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

दुसऱ्या हिवाळ्यात मी पुढे, ती मागे, असा सराव सुरू झाला, एका रुंद, गरीब उतारावर. गाबीला वाटे, आई नुसती खाली उभी राहते. माझी मोठी पंचाईत व्हायची ती ओरडण्यात. मला जर्मन येतं, पण आधी मनात जुळवून मग तोंडातून काढावं लागतं. एकदा समोर कुत्रा आला, माझं 'लिंक्स' का 'रेख्ट्स', डावं का उजवं, ठरेपर्यंत कुत्र्याने आपलं आपण ठरवलं. खाली आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तू विचार करून बोलतेस. तेवढ्यात मी झाडात जाईन. तुझ्या भाषेत ओरड. शब्द मी शिकते." आणि शिकली. फ्रिजवर जाड मार्करने, हाताएवढ्या रोमन अक्षरांत पाच शब्द लिहिले : डावीकडे, उजवीकडे, सरळ, हळू, थांबा. जर्मनमध्ये आम्ही एकमेकींना 'डू', म्हणजे 'तू', म्हणत असू, पण घाबरले की माझ्या तोंडून "अहो आजी, थांबा" असंच निघायचं, म्हणून तिच्या यादीतही 'थांबा'च राहिलं. एकच नियम तिने घातला होता : आवाज थांबला, की मागच्याने जागच्या जागी थांबायचं. काही झालं तरी.

फेब्रुवारीत गाबीला तळघरात आईच्या स्की सापडल्या, ताजं मेण लावलेल्या. तिने त्या सरळ गाडीत घातल्या आणि म्युनिकला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना मला अंगणात गाठून म्हणाली, "तू शहाणी आहेस असं मला वाटत होतं." ते मला लागलं. त्या दिवशी मी रेझीआजीला म्हटलं, आता पुरे, मला नाही जमणार, तुम्हाला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? टेबलाशी बसल्या बसल्या तिने डोळे मिटले, हात पुढे धरला आणि तळवा हवेत वळवू लागली, डावा, उजवा, डावा. शर्यतीचा उतार खेळाडूंना आधी एकदाच हळूहळू बघू देतात. मग वर जाऊन सगळे असेच डोळे मिटून उभे राहतात आणि हाताने तो मनातल्या मनात उतरतात. "इथे नासपतीचं झाड," ती म्हणत होती. "इथे उभ्या कडेचा भाग. इथे गवताचं कोठार. एकोणीस वळणं, मग कुंपण." डोळे उघडून म्हणाली, "हे मी रोज करते. कंटाळा आलाय नुसत्या हाताने उतरायचा."

आम्ही गेलो. आडवार निवडला, म्हणजे उतारावर गर्दी नसावी. स्की गावातल्या दुकानातून भाड्याने घेतल्या. तिथे एक फॉर्म होता : नवशिके, मध्यम की तरबेज? "नवशिके लिही," ती कानात म्हणाली, "पट्टे सैल लावतात. पडलं तर स्की सुटते, पाय वाचतो." तर तिच्या नावापुढे मी नवशिके अशी खूण केली. पिवळी बंडी घालायला मात्र ती तयार नव्हती, तीन काळे ठिपके असलेली, दिसत नसलेल्यांची. माझ्या गावात ही घालून फिरू? शेवटी मी म्हटलं, मीही घालते. दोघी पिवळ्या बंड्या घालून वर ओढून नेणारी दोरी धरून, कमरेला कंबर लावून वर गेलो.

दहा वाजले असतील. स्वच्छ ऊन होतं. मी निघाले, ओरडत. "सरळ, सरळ... आता डावीकडे... हळू, आजी, हळू." मागून तिच्या स्कीचा आवाज येत होता, कापड फाडल्यासारखा एकसारखा. नासपतीचं झाड गेलं. त्याखालच्या कडेवर माझी स्की अडकली आणि मी तोंडावर आपटले. तोंडात बर्फ, एक स्की सुटून वरच राहिलेली. आवाज थांबला.

ती थांबली नाही. माझ्या उजव्या हाताला, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, ती पुढे निघून गेली. ओरडायला म्हणून मी तोंडातला बर्फ थुंकला. आणि मग मला ओरडायचं सुचलं नाही. कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी हिला उतरताना कधी पाहिलेलंच नाही. पहिला हिवाळा ती खाली उभी होती, दुसरा हिवाळाभर मी तिच्या पुढे होते, पाठ करून. आता पहिल्यांदा तिची पाठ माझ्याकडे होती. दोन्ही पाय एकमेकांना चिकटलेले, जुन्या पद्धतीने. खांदे जराही हलत नव्हते. खाली गुडघे डावीकडे, उजवीकडे, शिवणयंत्रावर कापड सरकावं तसे, कुठे घाई नाही, कुठे शंका नाही. आणि वेग... माझ्या मागे ती हिवाळाभर बिचारी कशी रखडत आली असेल ते मला त्या क्षणी कळलं. कोठारापाशी ती अजूनच जोरात गेली. कुंपणाच्या जरा अलीकडे आडवी होऊन थांबली, बर्फाचा फवारा उडाला, आणि मान वर करून भलत्याच दिशेला बघत ती मोठ्यांदा ओरडली, "सरळ! सुजाता, सरळ!" माझ्याच शब्दांनी मलाच वाट दाखवत होती बया.

मी खाली पोहोचले ती रडतच. नियमाचं काय, म्हणून मी भांडले तिच्याशी. ती म्हणाली, "तू पडलीस ते ऐकलं. मऊ पडलीस, लागलं नसणार. आणि पुढे कुणाचा आवाज नव्हता." मग म्हणाली, "आणि मला थांबायचं नव्हतं." परतीच्या ट्रेनमध्ये ती इतकी गाढ झोपली की म्युनिकला मला हलवून उठवावं लागलं. गाबीला सांगायचं का, विचारलं तर म्हणाली, "मी मेल्यावर सांग. आत्ता सांगितलंस तर ती बूटही घेऊन जाईल." पुन्हा तिने उताराचं नावही काढलं नाही. टेबलाशी बसून हात वळवणंही बंद झालं. पुढच्या वर्षी माझी पीएचडी संपली आणि उन्हाळ्यात मला एर्लांगेनला मेडिकल मशिन्सच्या कंपनीत नोकरी लागली. निघायच्या आधी तिच्या आवडीची, बुद्धपौर्णिमेला करते तशी खीर पातेलंभर केली, ती तिने दोन दिवस पुरवून खाल्ली. ऑक्टोबरात ती गेली, आपल्या घरात, आपल्या खुर्चीत.

दफनानंतर सगळे तिच्या घरी कॉफीला जमले. गावचे म्हातारे खेळाडू आले होते, सगळे लंगडणारे. मी मनातल्या मनात वंदना म्हटली आणि कपबशा विसळत राहिले. सगळे गेल्यावर स्वयंपाकघरात गाबी आणि मी उरलो. फ्रिजवर ते पाच शब्द अजून होते. गाबीने विचारलं, हे काय आहे, माझं दोन वर्षं विचारायचं राहून गेलंय. मग मी सांगून टाकलं. फॉर्म, बंड्या, सगळं. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढेल, आणि काढलं तर तिचं काही चुकणार नाही.

ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. तशीच म्हणाली, "किती जोरात?"

मी म्हटलं, "खूप."

"पाय जवळ होते?"

"चिकटलेले."

ती खुर्चीत बसली. "मी तिला कधी जोरात उतरताना पाहिलंच नाही," ती म्हणाली. "मी लहान असताना ती कायम हळू यायची. मी मागे राहू नये म्हणून. मोठी झाले तेव्हा तिचा गुडघा..." मी तिच्या शेजारी बसले. चहाकॉफी सगळं गार झालं होतं. तिने डोळे पुसले, नर्स पुसतात तसे, झटक्यात, आणि माझ्याकडे वळली.

"नोखमाल," ती म्हणाली. परत एकदा. "झाडापासून सांग. आणि हळू सांग."

मी झाडापासून सुरुवात केली.