आवाज बंद, डफ चालू

फ्रेमवाल्याच्या हातचा कोपरा बघावा. लाकडाच्या दोन पट्ट्या तिरक्या कापून तो अशा भिडवतो की मधून केस सरकायचा नाही. लग्नाचे फोटो, वारलेले सासरे, शाळेतली प्रशस्तिपत्रं, कुणाच्या लाडक्या कुत्र्याचा रंगीत फोटो, त्याच्या दुकानात सगळ्यांना सारखाच न्याय. काच कापताना तो श्वास रोखतो, कापली की सोडतो. माप चुकलं तर ते त्याला नुसतं दिसत नाही, दाढेतून कळ जावी तसं जाणवतं.

हाच माणूस डफ हातात घेतो आणि कोपरा उघडा पडतो.

डफाचं शास्त्र ते काय असायचं? थाप जिथं पडायची तिथं पडावी, झालं. फ्रेमवाल्याची थाप तिथंच पडते, पण जराशी नंतर. फार नाही. पाहुणे उठून चपला शोधायला लागले की चहा यावा, इतकीच. आणि ही गोष्ट पोराटोरांना कळते, दुकानासमोरच्या शिंप्याला कळते, त्याला एकट्याला कळत नाही. त्याचं आपलं एकच म्हणणं, बाकीचे घाई करतात.

त्याचा थोरला साडू व्हायोलिन वाजवतो. धंदा मोटार शिकवायचा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून त्याच्या आधी ब्रेक दाबण्यात जन्म गेला, त्यामुळे दुसऱ्या कुणाला काही जमेल यावर त्याचा विश्वासच उरलेला नाही. वाचनालयाच्या माडीवर शनिवारी साडूचं टोळकं जमायचं आणि जुन्या लोकचाली वाजवायचं. कुणी लिहून न ठेवलेल्या, आजीकडून नाहीतर गाडीवानाकडून ऐकलेल्या. साडूपणाच्या हक्कानं फ्रेमवाला त्यात शिरला आणि साडूनंच त्याला बाहेर काढला. तेही जेवताना, दोघी बहिणींच्या देखत.

“तुझ्या डफात खोट नाही रे,” साडू म्हणाला, “फक्त तो बस सुटल्यावर स्टॉपवर येतो.”

दोघी बहिणी हसल्या. मेव्हणी हसली त्याचं काही नाही, बायको हसली ते लागलं.

“मग मी येऊ नको म्हणता, साडूभाऊ?”

“ये की! असं कसं? फोटो कोण काढणार मग? डफ तेवढा घरी ठेवून ये.”

तर तो जायला लागला. खुर्च्या मांडायचा, फोटो काढायचा, कोपऱ्यात बसून मांडीवर बोटं हलवायचा. टोळक्याचा एक फोटो मोठा करून, चांगल्या सागाच्या चौकटीत बसवून त्यानं साडूला भेटही दिला. त्यात सगळे आहेत. काढणारा नाही.

वाजवायची हौस मग तो दुकानाच्या मागच्या खोलीत भागवू लागला. तिथं काचांच्या पेट्या, सरसाचं भांडं आणि पट्ट्यांचे तुकडे. गिऱ्हाईक नसलं की डफ सुरू. गल्ल्यावर बायको बसायची. बाई समंजस, पण कानांना समजूत घालता येत नाही. एक दिवस ती मोबाइल घेऊन आत आली.

“अहो, हे बघा. लोकसंगीत वाजवणाऱ्यांचं मंडळ आहे. सगळं फोनवर. कुठकुठले लोक आहेत. दर रविवारी एकत्र वाजवतात.”

“एकत्र? आणि कुणी मागंपुढं झालं तर?”

“तेच तर सांगतेय. फोनवरून आवाज उशिरा पोचतो, सगळ्यांचे एकदम आले तर नुसता कालवा. म्हणून जो पुढं होऊन वाजवतो त्याचाच आवाज चालू, बाकीच्यांचे माईक बंद. सगळे वाजवतात आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.” तिनं मोबाइल त्याच्या हातात दिला. “तुमच्याचसाठी काढलंय बघा कुणीतरी.”

टोमणा त्याच्या ध्यानात आला नाही. तो रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसला.

मंडळ चालवायच्या एक निवृत्त दातांच्या डॉक्टरीणबाई. गळ्यात ही एवढी अकॉर्डियन. त्यांनी चाल धरली आणि पडद्यावरच्या लहान लहान चौकोनांत माणसं वाजवायला लागली. कुणी बासरी फुंकतोय, कुणी एकतारी छेडतेय, एक जण स्वयंपाकघरात उभा राहून चिपळ्या वाजवतोय आणि मागून त्याची आई कुकर उचलून नेतेय. ऐकू येते ती फक्त अकॉर्डियन. फ्रेमवाल्यानं डफावर पहिली थाप मारली आणि जे सुरू झाला ते चाल संपून बाईंनी पाणी प्यायलं तरी थांबला नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याही मुक्याच.

बाई म्हणाल्या, “डफवाले नवे दिसताय. वा! काय मोकळा हात आहे तुमचा!”

एवढ्या वर्षांत डफाबद्दल कुणी केलेलं हे पहिलं कौतुक. ते न ऐकता केलेलं होतं ही गोष्ट त्यानं मनावर घेतली नाही. बायकोनं घेतली, पण आठवडाभर दुकानात शांतता होती, म्हणून ती काही बोलली नाही. तशी खोलीतून थापा बाहेर यायच्याच, पण आता आठवड्यातून एकदाच.

दोनेक वर्षांत फ्रेमवाला मंडळातला मानकरी झाला. रविवार चुकवायचा नाही, नव्या माणसाचं स्वागत करायचा, कुणाचं चामडं सैल पडलं तर उन्हात कसं धरायचं ते सांगायचा. बाईंनी त्याला कारभारी नेमलं. काम काय, तर चालू सत्रात कुणाचा माईक उघडा राहिला असेल तर तो बंद करायचा आणि कुणी वेडंवाकडं लिहिलं तर ते पुसून टाकायचं. ज्या माणसाचा डफ घरी ठेवायला लावला होता तो आता अख्ख्या मंडळाची तोंडं बंद करत बसला, आणि त्यात त्याला कामाचं समाधान होतं. एका सनईवाल्याचा आवाज तोडताना तर त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की बायको म्हणाली, “दाजींच्यासारखे दिसताय.”

दाजींचं म्हणजे साडूचं मात्र बिनसलं होतं. वाचनालयाच्या माडीवर शिकवणीचे वर्ग आले. टोळकं दोन शनिवार एका गॅरेजात जमलं, मग बासरीवाला मुलाकडे राहायला गेला आणि झांजवाल्याच्या कानात यंत्र बसलं, त्यानंतर त्याला झांजच नकोशी झाली. व्हायोलिन पेटीत गेलं.

अशात बाईंचा निरोप आला. मंडळात अधूनमधून ‘उघडा रविवार’ असायचा. एखाद्या सभासदानं पुढं व्हायचं, आपला माईक चालू ठेवायचा, बाकीच्यांनी मागोमाग वाजवायचं. या खेपेला मान डफवाल्यांना. फक्त नुसत्या डफावर चाल उभी राहत नाही, म्हणून सूर धरणारा कुणीतरी त्यांच्याच खोलीत शेजारी बसलेला हवा.

सूर धरणारा असा एकच माणूस त्याच्या नात्यागोत्यात होता.

साडूनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “किती माणसं असतील?”

“दोनशेच्या पुढं असतात.”

साडूनं व्हायोलिनच्या पेटीवरची धूळ झटकली. “तुझा डफ असणारच का?”

“मान माझा आहे, साडूभाऊ.”

“बरं बाबा. येतो.”

बाईंना आवाजाची चाचणी हवी होती. म्हणून दोघांनी मागच्या खोलीत काचांच्या पेट्यांवर बसून वाजवलं आणि फ्रेमवाल्यानं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मग दोघांनी ऐकलं. फ्रेमवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा डफ बाहेरून ऐकला.

त्याचा चेहरा पडला. दाढेतून कळ गेली. केस सरकू न देणारा माणूस, आणि इथं मधून म्हैस गेली असती.

“मी... असा वाजवतो?”

“मी काय सांगत होतो मग इतकी वर्षं?” साडू म्हणाला. पण त्याचंही लक्ष आपल्या व्हायोलिनवर होतं. ते सुरुवातीला चालत होतं, मग भरभर चालत होतं, आणि शेवटी मागं कुत्रं लागल्यासारखं पळत होतं. “तुझा मोबाइल जरा जोरात धावतो काय रे? बदल तो.”

त्या दिवशी फ्रेमवाल्यानं दोन काचा फोडल्या. संध्याकाळी त्यानं बाईंना फोन केला.

“बाई, मान दुसऱ्या कुणाला द्या. माझी थाप मागं पडते. मला आज कळलं.”

“मग?” बाई म्हणाल्या.

“मग काय! दोनशे माणसांत शोभा होईल.”

“अहो डफवाले, मी एकदा सगळ्यांचे माईक उघडले होते. भांड्यांचं कपाट कोसळलं तरी बरं वाटेल असा आवाज. आवाज उशिरा पोचतो हे खरं, पण तेवढंच नव्हतं ते. निम्म्यांना कळलं की आपल्याला येत नाही, आणि ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून मी माईक बंद ठेवते.”

“मग दोन वर्षं माझं कौतुक कशाचं करत होता तुम्ही?”

“तोंडाचं,” बाई म्हणाल्या. “जन्मभर लोकांची तोंडं बघितलीत मी. वाजवताना बाकीचे सगळे दाढ काढायला बसल्यासारखे दिसतात. तुम्ही एकटे खूश दिसता. वाजवा मुकाट्यानं.”

या बोलण्यानं बरं वाटावं की वाईट, हे त्याला ठरवता येईना. डफ वाजवणाऱ्याला तोंडावर मान मिळाला होता. नको म्हणावं तर पुन्हा खुर्च्या मांडायच्या, आणि आता तर माडीही नव्हती. तो बायकोला म्हणाला, “आपलं हसं होईल.”

“इतके दिवस समोरचा शिंपी हसतोच आहे. त्याच्यानं तुमचं काय अडलं?”

रविवार आला. साडू कोट घालून आला. दोघं पेट्यांवर बसले, बायको आणि मेव्हणी दारात उभ्या राहिल्या. माईक उघडला. साडूनं सूर धरला, आणि दोनशे माणसं ऐकताहेत म्हटल्यावर पहिल्या फेरीतच तो उधळला. फ्रेमवाला आधीच घाबरलेला, त्यात कान देऊन वाजवायला गेला, तो आणखी मागं पडला. दोघांच्या मधून आता म्हशींचा कळप गेला असता. तरी चाल शेवटाला पोचली. आधी साडू पोचला, मग फ्रेमवाला.

पडद्यावर हात हलले.

“आवडलं का त्यांना?” साडूनं कुजबुजून विचारलं. “टाळ्या येईनात.”

“इथं ऐकू येत नाहीत. हात हलले म्हणजे आवडलं.”

मग लोकांचं लिहिणं यायला लागलं. छान, सुंदर, धन्यवाद. आणि मध्येच कुणा नव्या मँडोलिनवाल्याचं: ‘डफ सारखा मागं पडतोय. आधी ताल शिका, मग पुढं व्हा.’

पुसून टाकायचा अधिकार फ्रेमवाल्याचाच होता, अंगठा तिथवर गेलाही. तो तसाच थांबला.

“पूस की,” बायको म्हणाली.

“खरं तेच लिहिलंय त्यानं. काय पुसू?”

“बघू इकडे.” साडूनं मोबाइल ओढून घेतला, चष्मा कपाळावरून खाली आणला, वाचलं. तो तांबडालाल झाला. “कोण हा दीडशहाणा?”

“तुम्हीही हेच म्हणत होता, साडूभाऊ.”

“मी म्हणेन! मी घरचा आहे. याला कुणी विचारलं?” आणि एका बोटानं टकटक करत त्यानं लिहिलं: ‘आमच्या घरात डफ मागूनच वाजतो. ही आमची जुनी चाल आहे. कान तयार असेल त्यालाच कळते.’

“आमच्या घरात?” फ्रेमवाल्यानं विचारलं.

“मग काय रस्त्यावर? साडू आहेस ना तू माझा?”

मेव्हणीनं पदर तोंडाला लावला. तोवर मँडोलिनवाल्यानं माफी मागितली होती. चिपळीवाल्यानं लिहिलं, मला वाटलंच होतं. एकतारीवालीनं विचारलं, ही मागची थाप आम्हाला शिकवाल का? बाईंनी खाली लिहिलं, ‘उत्तम कल्पना. पुढच्या उघड्या रविवारी साडूंची जोडी मागची थाप शिकवेल.’ बाई पक्क्या होत्या. दुखऱ्या दातावरच बोट ठेवायची त्यांची सवय जुनी.

तेव्हापासून शनिवारी साडू व्हायोलिन घेऊन दुकानात येतो. बायको गल्ल्यावर कानांत बोळे घालून बसते. शिकवायचं म्हणजे आधी आपल्याला ते ठरवून जमलं पाहिजे, आणि तिथंच घोडं अडलं आहे. इतकी वर्षं फ्रेमवाला मागं पडायचा तो आपसूक. आता किती मागं ते मोजून, लक्ष देऊन, बरोबर तेवढंच मागं राहायचं, तर त्याला ते साधेना. काच कापताना धरतो तसा श्वास रोखून तो वाट बघतो, बघतो, आणि थाप टाकतो.

“अरे, बरोबर आलास!” साडू कपाळावर हात मारतो. “नेमका आत्ता बरोबर आलास! मागं राहा, मागं!”

“राहतोच आहे, साडूभाऊ. तुम्ही जरा दमानं घ्या ना, किती पळता!”

“मी पळतो? मी? पुन्हा घे. आणि खबरदार तालात वाजवशील तर. लोकांना काय तोंड दाखवायचं?”