गाडीत झोपलेला अंपायर

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. काचपट्टीवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, इतकं साधं माझं तत्त्वज्ञान. असे अनुभव मी जेवताना वाचते आणि मनसोक्त हसते. आज तुम्ही हसा… माझी ना नाही.

गोष्ट कॅनडातल्या कोक्विटलामची, दोन हजार आठच्या आसपासची. आमची रेवा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि एरियातल्या मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये खेळायची. इकडे लीग म्हणजे मूल खेळणार आणि अख्खं घर राबणार! नाव घालतानाच एक फॉर्म येतो. मैदान सारखं करणं, स्कोअर लिहिणं, कॅन्टीन, अंपायर… प्रत्येक घराने काहीतरी अंगावर घ्यायचंच. आणि अंपायरची पाळी चुकली तर त्या घराची टीम हरली असं धरतात.

मी कॅन्टीन घेतलं. माझ्या नवऱ्याने, प्रशांतने, फुशारकीत 'अंपायर'वर टिक केली. नागपूरच्या गल्लीत क्रिकेट खेळलेला माणूस. "अगं, नुसतं उभं तर राहायचं!" ट्रेनिंगला गेल्यावर कळलं की इथला अंपायर तोंडावर जाळीचा मास्क, छातीवर गादी बांधून बॉल झेलणाऱ्या कॅचरच्या मागे उभा असतो आणि दर बॉलला खाली बसतो. पहिली मॅच करून आला तो थेट कमरेला शेक घेत बसला.

त्या वर्षी सासरे आले होते. बाबा नागपूरला गणिताचे मास्तर होते. आपल्याच वर्गातल्या पोटच्या पोराला दोन मार्कांनी नापास केलेला माणूस! प्रशांत ते अजून विसरलेला नाही. बापलेकांचं बोलणं हवामान आणि औषधं यापलीकडे जायचं नाही. रेवाचं मात्र आजोबांशी गूळपीठ. ते रोज एकच ओरडायचे, "रेवा, लेस बांध बेटा, पडशीन!" आणि ती रोज "इट्स फाइन, आजोबा" म्हणून पळायची.

बाबांचे गुडघे पार गेलेले. जेवायला पाटावर बसून त्यांना पंधरा वर्षं झाली असतील. हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा — आमच्या व्हॅनचा अलार्म. रिमोटने लॉक केल्यावर आतून दार उघडलं की असा बोंबलायचा की विचारू नका. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये एकदा बाबांनी तसं उघडलं आणि अर्धं दुकान बाहेर आलं. तेव्हापासून ते त्या दाराला हात लावत नसत.

तर, सीझनची शेवटची मॅच, शनिवार सकाळ. जिंकलो तर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. रेवा सीझनभर एकदाही तिन्ही बेस पार करून होम प्लेटपर्यंत धावत आली नव्हती, म्हणजे तिची एकही रन झाली नव्हती. एवढं एकदा जमलं तर पुढच्या वर्षी खेळेन, नाहीतर नाही, असं तिने जाहीर केलेलं. अंपायरची पाळी आमची. आणि सकाळी सातला प्रशांतला बर्नाबीच्या ऑफिसातून फोन — सिस्टिम बसली, लगेच या. तो निघाला. "कोचला सांग, कुणीतरी मिळेल," म्हणाला. नवऱ्यांचं हे 'कुणीतरी' मला कधी भेटलेलं नाही.

जूनचा गार, भुरभुरता पाऊस. बाबा म्हणाले, "मी गाडीतच बसतो, पेपर वाचतो." मरून स्वेटर, माकडटोपी, असा त्यांचा थाट. मी काच जराशी खाली ठेवली आणि कॅन्टीनकडे पळाले. दहा मिनिटांत आमचा कोच ग्रेग कॅन्टीनच्या खिडकीशी.

"मेघा, वेअर्स युअर अंपायर? नो अंपायर, नो गेम."

माझे दोन्ही हात हॉटडॉगमध्ये. घरात शुद्ध शाकाहारी आणि इथे हे! मी म्हटलं, "फाइव्ह मिनिट्स, ग्रेग, प्लीज." तेवढ्यात त्यानेच मागे वळून पाहिलं. "ओह. युअर फादर-इन-लॉ. ग्रेट."

प्लेटच्या मागे बाबा उभे होते. छातीवर गादी, मास्कखाली माकडटोपी, गादीच्या कडेने मरून स्वेटर दिसत होता. मला भरून आलं हो. नातीसाठी म्हातारा उठून आला! पहिला बॉल पडला आणि ते उकिडवे बसले. उठले. पुन्हा बसले. "स्ट्राइक!" असा खणखणीत आवाज. मी शेजारच्या बाईला अभिमानाने म्हटलं, "योगा."

सहा इनिंग माणूस उठबशा काढत होता आणि मी, लॅबवाली, हॉटडॉग भाजत कौतुक करत होते. एक प्रश्न पडला नाही मला!

शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने मागे. दोन आऊट झालेले, आणखी एक गेला की मॅच संपली, आणि रेवा तिसऱ्या बेसवर. बॉल मागे निसटला आणि पोरगी सुसाट सुटली… कॅचरने झेप घेतली, ग्लोव्ह खाली आपटला, रेवा प्लेटवर. मैदानभर आरडाओरडा — सेफ! बॉल धरलेला ग्लोव्ह अंगाला किंवा कपड्यांना लागला तर आऊट, पण तो तिला लागलाच नव्हता, सगळ्यांनी पाहिलं होतं.

बाबांनी मूठ वर केली. "आऊट."

मॅच गेली. ग्रेग तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. रेवा माझ्या कुशीत शिरून हमसून रडली. "ही नोज आय वॉज सेफ! आजोबा डिड इट ऑन पर्पज!" मला प्रशांतचे दोन मार्क आठवले आणि असा संताप आला… नात आहे हो तुमची! एक दिवस डोळेझाक केली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?

त्यांना शोधायला निघाले. गादी आणि मास्क बाकावर नीट रचून ठेवलेले. बाबा नव्हते. तणतणत व्हॅनपाशी गेले, खिशातून रिमोट काढून दाबला आणि 'टुक' झालं, तेव्हा हात तिथेच थांबला. व्हॅन लॉक होती. सकाळी सवयीने मीच लॉक केली होती. हो, सासऱ्यांना गाडीत कोंडलं मी, बोला आता! किल्ली सगळा वेळ माझ्या एप्रनच्या खिशात आणि अलार्म एकदाही वाजला नव्हता.

आत बाबा घोरत होते. पेपर छातीवर, स्वेटर कोरडा. बाहेर तीन तास पाऊस.

"झाली का मॅच? उठवलं काहून नाही?"

"बाबा, तुम्ही अंपायर होता ना?"

"काय बोलून राहिली तू? मी तं इथंच होतो बाप्पा."

घरी कुणाचाच विश्वास बसला नाही. प्रशांत म्हणाला, "त्यांनी आऊट दिला यात मला काही नवल वाटत नाही," आणि खोलीत निघून गेला. रेवा आजोबांच्या समोर येईना. चार दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं. बाबा एवढंच म्हणाले, "मी मार्क कापले, पण खोटं कधी बोललो नाही." ताटात निम्मी पोळी तशीच ठेवून उठले. मला फार वाईट वाटलं.

एअरपोर्टवर आत जायची वेळ झाली आणि रेवाला एकदम रडू फुटलं. "आजोबा, माझी लेस सुटली होती. द ग्लोव्ह टच्ड माय लेस. मलाच फक्त कळलं. आय वॉज आऊट."

बाबांनी मान डोलावली. "मग बरोबरच दिला त्यानं."

त्याने! 'मी' नाही.

तिच्या बुटाची लेस तेव्हाही सुटलेलीच होती. आम्ही थांबवायच्या आत बाबा खाली उकिडवे बसले, कळवळत, आणि दुहेरी गाठ मारली. आणि मग… उठता येईना! ना पुढे, ना मागे. मागची रांग खोळंबली. शेवटी एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने प्रशांत आणि मागून एक धिप्पाड सिक्युरिटीवाले सरदारजी, "चलो बाऊजी, हिम्मत करो," असं करत त्यांना उभं केलं. प्रशांतने धरलेला दंड सोडलाच नाही. थेट आत जायच्या दारापर्यंत तसाच गेला, आणि "सॉरी, बाबा," म्हणाला. लग्नानंतर अकरा वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं.

परतताना प्रशांत माझ्या शेजारी, रेवा मागे. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर प्रशांत काय टिक करणार ते मी विचारलं नाही. मग मागून रेवाचा आवाज आला.

"मॉम, आजोबांना तर एकदासुद्धा बसता येत नाही. देन हू सॉ माय लेस?"

मी लेनकडे बघत गाडी चालवत राहिले.