पडद्यामागचा पदवीधर

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अकोल्याच्या दवाखान्यात कामावर होते. वाशीमहून शेजाऱ्यांनी ट्रंककॉल केला होता. जेवून खुर्चीत बसला आणि बसल्या जागीच गेला. मी हातातलं ड्रेसिंग पुरं केलं, दुसरी नर्स आल्यावर एस.टी. पकडली. रस्ताभर रडू आलं नाही. आता महिना होत आला, अजूनही आलेलं नाही... सख्ख्या भावाबद्दल असं लिहू नये, हे मला कळतं. पण शोकसभेत जे बोललं गेलं, ते ऐकल्यावर गप्प राहणं मला जमेना.

आमचे वडील आसेगावात दुसऱ्यांच्या वावरात राबले. दादा आमच्या वस्तीतला पहिला मॅट्रिक आणि पहिला पदवीधर. मुंबईला तेव्हा एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञांसाठी पदवीचा वर्ग नुकताच निघाला होता. किरण कसे निघतात, कोणतं हाड कोणत्या बाजूनं दिसतं, फिल्म कशी धुवायची आणि किरणांपासून माणूस कसा वाचवायचा, हे सगळं शिकून तो परतला, तेव्हा विहारापुढे मांडव पडला होता. आईनं पदवीचा कागद उलटा धरून सगळ्यांना दाखवला आणि कोणी तिला थांबवलं नाही. त्या दिवसाचा अभिमान मला आजही आहे. आमच्या माणसांनी त्याला फार उंच बसवलं, आणि तो उतरायलाच तयार झाला नाही.

वाशीमला त्यानं स्वतःचं मशीन टाकलं. पांढरा कोट, दारावर नावापुढे पदवी. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून लोक हातपाय मोडलेली लेकरं घेऊन यायचे. दुखणारं लेकरू स्थिर राहत नाही, त्याला कोणीतरी धरावं लागतं. दादानं त्यासाठी माणूस ठेवला नाही. घरात बायको होती.

एकदा दिवाळीला गेले, तेव्हा विमलवहिनी भाकरी थापत होती. तिच्या बोटांकडे पाहून मी दचकले. नखं चिरलेली, कातडी कोरडी, काळे डाग, एका बोटावर न भरलेली जखम.

"वहिनी, हे कशानं झालं?"

"तुमचे भाऊ म्हन्तात, फिल्म धुवाच्या पान्यानं होते."

मी उठून मशीनच्या खोलीत गेले. तिथे एका पोराचा हात टेबलावर ठेवून त्यानं "विमल" म्हणून हाक मारली. ती पीठ झटकत आली आणि पोराचा हात धरून उभी राहिली. दादा शिशाच्या पडद्यामागे गेला, आपलं कोपर बाहेर राहिलं नाही ना ते पाहिलं, मग बटण दाबलं. मुंबईत शिकवलेलं तो काहीच विसरला नव्हता. ते बायकोलाही लागू पडतं, एवढंच त्याला कधी वाटलं नाही.

माणसं गेल्यावर मी विचारलं, "दादा, लेकरू वहिनी कायले धरते? बापाले धरू दे ना."

"बाप हालते. लेकरू रडलं का सोडून देते. फिल्म वाया जाते."

"अन् तिचे हात?"

"तू मले शिकवून राह्यली का? पदवी माह्याजवळ हाये का तुह्याजवळ?"

पुढे ती जखम चिघळली. मीच वहिनीला अकोल्याला आणलं. डॉक्टरांनी उजव्या हाताचं ते बोट काढलं. दादा भेटायला आला, खाटेजवळ उभा राहिला, पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाला, "डाव्या हातानं धरता येईन ना?" वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. गावात त्यानं सांगितलं, तव्यानं भाजलं. लोकांनी मानलं, कारण पदवीधर माणूस खोटं कायले बोलेल...

शोकसभेत तालुक्यातले मोठे लोक आले होते. एक जण म्हणाला, सरांनी लोकांसाठी स्वतःला किरणांत जाळून घेतलं. दादाच्या हातांवर साधा ओरखडा नव्हता. वहिनी पहिल्या रांगेत, हात पदराखाली घेऊन बसली होती.

जलदान विधी झाल्यावर काही दिवसांनी मंगरूळपीरचा एक तरुण मशीन विकत घ्यायला आला. सोबत नवी नवरी होती. "मदतीले हेच राहीन," तो तिच्याकडे पाहून कौतुकानं म्हणाला. सामान काढताना कपाटाच्या वरच्या फळीवर शिशाचे हातमोजे सापडले. मशीनसोबत आलेले, कोरे, घडीसुद्धा न मोडलेले.

"वहिनी, हे तुले माहीत होते?"

"साहेब तपासाले आले तं दाखवाचे, म्हनून सांगतलं होतं. कायच्यासाठी हायेत ते नाही सांगतलं."

तरुणानं एक मोजा उचलून पाहिला. "लय जड हायेत. असू द्या इथंच."

वहिनीनं तो त्याच्या हातातून घेतला. त्या पोरीला जवळ बोलावलं आणि आपल्या उरलेल्या बोटांनी दोन्ही मोजे तिच्या हातात कोपरापर्यंत चढवले.

"सैल होतात," पोरगी म्हणाली.

"होऊ दे. हे घातल्याबिगर कोनाले धरू नको. हा म्हनन, लेकरू हालते, फिल्म वाया जाते." वहिनीनं तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. "जाऊ दे वाया."